'परवा' म्हणजे कोणता परवा? फोनकडून भाषांतर करून घेण्याची पहिली शिकवणी

चेन्नईतल्या एका रुग्णालयात, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, नर्सने फोनमधून मावशींना विचारलं, "रक्त पातळ करायची शेवटची गोळी कधी?" मावशी म्हणाल्या, "परवा." फोनने ते ऐकलं, तमिळमध्ये म्हणून दाखवलं, आणि नर्स गोंधळून आमच्या तोंडाकडे बघत राहिली. फोनच्या हिशेबाने मावशी शेवटची गोळी अजून दोन दिवसांनी घेणार होत्या.

मराठीत परवा मागचाही असतो आणि पुढचाही. त्यातला कोणता, ते क्रियापद सांगतं. मावशींनी क्रियापद गाळलं, कारण समोर मराठी माणूस असता तर त्याला प्रश्नावरूनच कळलं असतं. फोनला तेवढी उमज नव्हती. मग मी टाइप केलं, "मी शेवटची गोळी १२ तारखेला सकाळी ८ वाजता घेतली." नर्सने मान डोलावली, कागदावर लिहून घेतलं, विषय संपला.

सोलापूरचं माणूस एरवी भाषांना घाबरत नाही. घरात मराठी, शेजारच्या पद्मशाली घरात तेलुगू, बाजारात कन्नड आणि दखनी, असं आम्ही कानावर वाढलेले. पण चेन्नईची गाडी पकडली की हे सगळं भांडवल आंध्रातल्या रेणिगुंट्याच्या पुढे संपतं. तेव्हापासून गल्लीतलं कोणी बाहेरगावी दवाखान्याला, लेकराच्या ॲडमिशनला किंवा देवाला निघालं, की मी त्यांच्या फोनवर अर्धा तास बसतो. त्या अर्ध्या तासात जे सांगतो तेच इथे लिहितोय.

निघण्याआधी, घरच्या वायफायवर

गूगल ट्रान्सलेट हे ॲप उतरवून घ्या. अँड्रॉइड असो की आयफोन, दोन्हीवर फुकट आहे. भारत सरकारच्या 'भाषिणी' मोहिमेचंही ॲप आहे. ती मोहीम जुलै २०२२ मध्ये गांधीनगरला जाहीर झाली आणि तिचा सगळा रोख आपल्याकडच्या भाषांवर आहे. दोन्ही ठेवा. एकाने गोंधळ घातला तर दुसऱ्याला तेच वाक्य विचारता येतं, आणि दोघांचं उत्तर वेगळं आलं तर वाक्यातच काहीतरी खोट आहे असं समजायला हरकत नाही.

आता सेटिंगमध्ये जाऊन मराठी आणि जिथे जाताय तिथली भाषा, अशा दोन्ही ऑफलाइन उतरवून ठेवा. हे काम लोक हमखास राहू देतात. रुग्णालयाच्या तळघरात, जिथे एक्स-रे काढतात तिथे, रेंज नसते, आणि नेमकं तिथेच "श्वास रोखून धरा" म्हणजे काय ते विचारायचं असतं. ऑफलाइन भाषांतर ऑनलाइनपेक्षा थोडं कच्चं असतं आणि बोलण्यापेक्षा टाइप केलेल्या मजकुराला जास्त उपयोगी पडतं. पण हातात काहीच नसण्यापेक्षा बरं.

तिसरी गोष्ट म्हणजे मराठी कीबोर्ड. आणि चौथी सगळ्यात महत्त्वाची: वरच्या पट्टीत 'भाषा ओळखा' असं जे असतं ते बंद करून तिथे स्वतःच्या हाताने 'मराठी' निवडा. हिंदी आणि मराठीची लिपी एकच. दोन-तीन शब्दांचं वाक्य असेल तर यंत्र कुठलीही समजू शकतं. मग तुम्ही लिहिता 'भूल कधी देणार?' आणि यंत्र त्यातून चूक शोधत बसतं, कारण हिंदीत भूल म्हणजे चूक. 'शिक्षा' मराठीत दंड, हिंदीत शिक्षण. 'खाली' मराठीत तळाला, हिंदीत रिकामं. 'चेष्टा' आपल्याकडे थट्टा, तिकडे प्रयत्न. भाषा नेमून दिली की हा अर्धा घोळ टळतो.

यंत्र आत काय करतं, एवढं तरी माहीत हवं

तुम्ही बोलता तेव्हा फोन एकामागून एक तीन कामं करतो. आधी तुमचा आवाज ऐकून तो मराठीत लिहून काढतो. मग त्या लिखाणाचं दुसऱ्या भाषेत लिखाण करतो. मग ते वाचून दाखवतो. पहिल्या कामात चुकलं की पुढची दोन्ही कामं चुकीच्याच वाक्यावर इमानेइतबारे होतात, आणि बाहेर येणारा आवाज मात्र तसाच ठाम असतो.

म्हणून बोलून झालं की समोरच्याकडे बघू नका, आधी पडद्यावर बघा. तुम्ही म्हणालात तेच मराठीत उमटलंय का? 'पित्त' म्हणालात आणि 'चित्त' उमटलं असेल, तर तिथेच थांबा, पुन्हा बोला किंवा सरळ टाइप करा. शिकवणीला येणाऱ्या दहांतले नऊ जण ही पायरी ओलांडतात.

मधल्या कामाबद्दल थोडं. गूगलची सेवा २००६ पासून आहे, पण सुरुवातीचं यंत्र वाक्याचे तुकडे जुळवून काम चालवायचं, म्हणून ते मराठी वाचताना हसू यायचं. २०१७ मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांना नवी पद्धत मिळाली. ती पूर्ण वाक्य एकत्र धरून चालते. तेव्हापासून वाक्यं गुळगुळीत झाली. गुळगुळीत म्हणजे बरोबर नव्हे, हा धडा मी चेन्नईत शिकलो. पूर्वी चूक झाली की वाक्यच मोडकं दिसायचं आणि कोणालाही शंका यायची. आता चुकीचं वाक्यही इस्त्री केलेलं असतं.

दोन भारतीय भाषांमधलं भाषांतर कित्येकदा मध्ये इंग्रजीचा थांबा घेऊन होतं. त्या थांब्यावर आपल्या भाषेतलं काही सामान उतरतं. 'मी थकले' आणि 'मी थकलो' यांतला फरक इंग्रजीत उरत नाही, त्यामुळे पुढे हिंदीत बाईमाणसाच्या तोंडी 'थक गया' येऊ शकतं. त्याहून गमतीचं म्हणजे 'आपण' आणि 'आम्ही'. 'आम्ही उद्या निघणार' यात ऐकणारा धरलेला नाही, 'आपण उद्या निघणार' यात आहे. तमिळमध्येही हा भेद अगदी असाच आहे, त्यांच्याकडे त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. पण मधल्या इंग्रजीत दोघांना एकच शब्द. तेव्हा तुम्ही घरी निघताय असं सांगायला जाल आणि यंत्र नर्सबाईंनाही सोबत सोलापूरला घेऊन निघेल. 'आम्ही'च्या जागी 'मी आणि माझा मुलगा' लिहा, प्रश्न मिटतो.

वाक्य कसं घडवायचं

फोनशी बोलताना शाळेतल्या मराठीत बोला. आमच्याकडचं 'काय करलालास?' फोनला झेपत नाही. त्याने पुस्तकं आणि बातम्या वाचून मराठी शिकलेलं आहे, सोलापूरच्या कट्ट्यावर बसून नव्हे. 'तू काय करत आहेस?' असं थोडं कृत्रिम वाटलं तरी चालेल.

एका वेळी एक वाक्य, त्या वाक्यात एकच गोष्ट. कर्ता आणि क्रियापद गाळू नका. 'कालपासून, जेवल्यावर, जास्त' हे घरच्या माणसाला पुरतं. यंत्राला 'काल संध्याकाळपासून माझ्या पोटात दुखत आहे. जेवल्यानंतर जास्त दुखते' असं पूर्ण हवं.

आकड्यांचं विशेष सांभाळा. दीड, अडीच, पाऊण, सव्वा, साडेतीन हे आपले लाडके शब्द आहेत, पण 'सव्वाशे' आणि 'पाऊण तास' फोनकडे सोपवू नका. १२५ लिहा, ४५ मिनिटं लिहा. औषधाचा डोस असेल तर 'अर्धी गोळी, दिवसातून २ वेळा' एवढं लिहून वर दोन बोटं दाखवा. तारखेच्या जागी तारीख द्या. काल, उद्या चालतील, परवा नाही. तेरवाचं तर नावही काढू नका.

दुखण्याची आपली भाषा ही वेगळीच गंमत आहे. 'अंगावर काढलं', 'अंगावरून जातं', 'पोट गेलं', 'जीव घाबरा होतो', 'कसंतरी होतंय', 'डोकं धरलंय'. यातलं प्रत्येक वाक्य मराठी डॉक्टरला लख्ख कळतं. यंत्र मात्र शब्दाला शब्द लावायला गेलं तर पोट कुठे गेलं ते शोधत बसेल. निघण्याआधी घरीच बसून त्याची साधी रूपं करून ठेवा: 'मला जुलाब होत आहेत', 'छातीत धडधड होते', 'सहा महिने दुखत होतं पण मी डॉक्टरांकडे गेले नाही'. बायकांच्या तक्रारी तर आधीच लिहून न्या. फलाटावर किंवा वॉर्डात, मुलासमोर, त्या फोनमध्ये मोठ्याने बोलायला कोणालाच जमत नाही, आणि मग त्या राहूनच जातात.

आता उलटतपासणी. महत्त्वाचं वाक्य असेल तर भाषांतर झाल्यावर तेच तमिळ उचलून परत मराठीत करून बघा. मधली दोन बाणांची खूण दाबली की होतं. 'शेवटची गोळी परवा' हे असं परत आणलं असतं, तर 'उद्याच्या नंतरच्या दिवशी' किंवा तसलंच काही बाहेर आलं असतं आणि आम्ही तिथेच सावध झालो असतो. ही तपासणी पक्की नाही, कारण जाताना झालेली चूक येताना कधीकधी सरळ होऊन येते. पण ढोबळ घोटाळा पकडायला याच्याइतकी स्वस्त युक्ती नाही.

समोरासमोर बोलताना

ॲपमध्ये 'संभाषण' असं एक बटण असतं. आवृत्ती बदलली की नाव आणि जागा बदलते, म्हणून माइकच्या दोन खुणा आणि दोन भाषांची नावं शोधा. आपोआप कोण बोलतंय ते ओळखण्याची सोय त्यात असते, पण वॉर्डातल्या गोंगाटात ती सोडा. आपलं बोलून होईपर्यंत आपली खूण, त्यांचं बोलणं सुरू झालं की त्यांची. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरा, पावासारखा तोंडात घालू नका.

पहिलं वाक्य परिचयाचं असू द्या: 'मला तमिळ येत नाही. मी फोनवरून बोलतो. कृपया हळू आणि छोटी वाक्यं बोला.' या एका वाक्याने समोरच्याचा वैताग अर्धा होतो. तमिळ लोक फोनचं बोलणं ऐकून हसले तर मनाला लावून घेऊ नका. लिहिण्याची तमिळ आणि बोलण्याची तमिळ यांत खूप अंतर आहे, फोन लिहिण्याची बोलतो. कोणी आपल्या दारात येऊन बातम्या वाचल्यासारखं पाणी मागितलं तर आपणही हसूच.

समोरचा 'हो' म्हणाला म्हणून त्याला कळलं असं धरू नका. 'तुम्हाला काय समजलं ते सांगा' हे वाक्य तयार ठेवा. डॉक्टरांना जरा उद्धट वाटू शकतं, तिथे 'मला नीट समजलं का ते तपासतो' म्हणा आणि आपणच त्यांचं म्हणणं परत सांगा.

पाट्या, चिठ्ठ्या, कागद

कॅमेऱ्याचं बटण दाबून फोन पाटीवर धरला की अक्षरं तिथल्या तिथे मराठीत बदलतात. छापील पाटी, औषधाचं खोकं, हॉटेलचं मेनूकार्ड यांवर हे झकास चालतं. बसच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या पाटीवर चालत नाही, कारण कॅमेऱ्याला त्या पाटीची अर्धीच अक्षरं दिसतात. तिथे दोन-तीन फोटो काढा आणि त्यातला पूर्ण आलेला वापरा. चकचकीत गोळ्यांच्या पाकिटावर प्रकाश पडू न देता तिरका धरा. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर भरवसा नको, आणि डॉक्टरांच्या अक्षराबद्दल काय बोलावं. ते औषधवाल्यालाच कळतं, त्यालाच विचारा.

गोव्याला जाणाऱ्यांसाठी एक पुरवणी. गूगलमध्ये कोकणी २०२२ मध्ये आली, त्याच वर्षी संस्कृत आणि मैथिलीही आल्या. ती कोकणी देवनागरीत येते. गोव्यात बरीच मंडळी कोकणी रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, लिहितात आणि वाचतात, त्यांना पडदा दाखवण्यापेक्षा आपणच वाचून दाखवलेलं बरं. तशी मराठी माणसाला गोव्यात फोनची गरज पडावी का, हा वेगळा वाद आहे.

सही करायचे कागद मात्र वेगळ्या ढिगात ठेवा. ऑपरेशनचं संमतीपत्र, घरभाड्याचा करार, बँकेचं काही. फोनवर त्यांचा सूर समजून घ्या, पण सही करण्याआधी दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकालांच्या भाषांतरासाठी 'सुवास' नावाची प्रणाली आणली. तिथेही यंत्राने केलेलं भाषांतर माणूस तपासतो. न्यायालय जो विश्वास यंत्रावर टाकत नाही तो आपण रिसेप्शनच्या काउंटरवर उभं राहून का टाकावा? आणि आधार क्रमांक, ओटीपी, खाते क्रमांक भाषांतराच्या खिडकीत टाकू नका. आकड्यांना भाषांतर लागतच नाही.

कानाने ऐकू न येणाऱ्यांशी

इथे अनेकांची समजूत अशी असते की हातांपुढे कॅमेरा धरला की फोन खुणांचं मराठी करून देईल. रोजच्या वापराला पुरेल असं, भारतीय सांकेतिक भाषा सरळ वाचणारं ॲप मी तरी तुमच्या फोनवर टाकून देऊ शकत नाही. इंटरनेटवर हातमोजे घालून खुणांचा आवाज करणारे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. सांकेतिक भाषा फक्त बोटांत नसते. भुवया, मान, ओठ, खांदे हे सगळे तिच्या व्याकरणाचा भाग आहेत, आणि मोज्यांना चेहरा दिसत नाही.

शिवाय ही भाषा जगभर एक नाही. अमेरिकेतल्या सांकेतिक भाषेत इंग्रजी मुळाक्षरं एका हाताने दाखवतात, भारतात दोन्ही हातांनी. त्यामुळे अमेरिकन व्हिडिओवरून पाठ केलेली अक्षरं इथे कामाची नाहीत. आणि ती हातांनी केलेली मराठीही नाही. तिची स्वतःची वाक्यरचना आहे, प्रश्नाचा शब्द सहसा वाक्याच्या शेवटी येतो. म्हणूनच सांकेतिक भाषेत वाढलेल्या माणसासाठी लिहिलेली मराठी ही कित्येकदा दुसरी भाषा असते. त्याला लांबलचक मराठी लिहून दाखवणं म्हणजे आपल्याला तमिळ पत्रक हातात देण्यासारखं. फोनसाठी शिकलेली छोटी वाक्यं इथे पुन्हा उपयोगाला येतात.

मग फोन काय करू शकतो? अँड्रॉइडवर 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' नावाचं ॲप आहे, २०१९ मध्ये आलेलं. तुम्ही बोलता, ते मोठ्या अक्षरांत मराठीत लिहीत जातं. उतारवयात ऐकू कमी यायला लागलेल्या, पण वाचता येणाऱ्या माणसांना याचा सगळ्यात जास्त फायदा होतो. आमच्या एका आजोबांना मुलाने दिलेलं कानाचं यंत्र कपाटात पडून आहे, पण हे ॲप ते रोज उघडतात. सूनबाई काय म्हणते ते आता लेखी मिळतं, असं त्यांचं म्हणणं.

शब्दांच्या खुणा शिकायच्या असतील तर दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश आहे. २०१८ मध्ये ३ हजार शब्दांनी सुरू झाला, २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत १० हजारांवर गेला. त्याचंच 'साइन लर्न' हे ॲप २०२२ मध्ये आलं. हिंदी किंवा इंग्रजी शब्द टाकला की खुणेचा व्हिडिओ दिसतो. रोज पाच याप्रमाणे पाणी, दुखणं, थांबा, घर, पैसे असे शब्द घ्या. भागाभागांत खुणा थोड्या बदलतात, तेव्हा व्हिडिओतली खूण केल्यावर समोरच्याने वेगळी दाखवली तर त्याचीच उचला. खूण चुकली म्हणून कोणी ओरडत नाही.

पोलीस ठाणं, कोर्ट, ऑपरेशन अशा कामांना प्रशिक्षित दुभाषाच बोलवावा लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या, तेव्हा सुनावणी पडद्यावर होती, पण त्यांच्या बाजूने बोलायला दुभाषा माणूसच होता. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे दुभाषांचा पदविका अभ्यासक्रम चालतो. चौकशीची सुरुवात तिथून किंवा तुमच्या जिल्ह्यातल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेतून करा. शाळेतल्या शिक्षकांना गावातला चांगला दुभाषा कोण ते ठाऊक असतं. दुभाषा आला की त्याच्याकडे बघून बोलू नका. ज्याच्याशी बोलणं आहे त्याच्याकडे बघा. दुभाषाला आपला आवाज पोचला की झालं.

माझा शिंपी कर्णबधिर आहे. त्याच्याकडे फोन चांगला आहे, मराठी कीबोर्डही आहे, पण कपडे कधी मिळतील हे सांगायला तो यातलं काही वापरत नाही. मागे वळतो आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात बोट ठेवतो.